सशाच्या पठारावर काहीच नाही

सप्टेंबर उजाडला की अल्कली वेल्स गावात कोणी कोणाशी हात मिळवत नाही. भांडण असतं असं नव्हे, हाताला चीक असतो. चिलगोज्याच्या झाडाचा चीक एकदा तळव्याला लागला की साबणाला दाद देत नाही. खायचं तेल नाहीतर डुकराची चरबी चोळचोळून तो काढावा लागतो, आणि तरी नखांच्या कडेला काळी रेघ आठवडाभर राहते. त्या रेघेवरून माणूस डोंगरात जाऊन आला हे कळतं, आणि मग पुढचा प्रश्न येतो: कुठे? हा प्रश्न आमच्याकडे वय, पगार आणि पहिला नवरा यांच्याविषयीच्या प्रश्नांहून उद्धट समजतात. तरी सगळे विचारतात आणि सगळे बिनदिक्कत खोटं सांगतात.

या खोटं सांगण्यात लिओटा चार्लीचा हात धरणारं अमेरिकेतल्या नेवाडाच्या त्या वाळवंटात कोणी नव्हतं. वय शहात्तर. आडनाव चार्ली, कारण तिच्या नवऱ्याच्या आजोबांचं शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव गुरांच्या मालकाला उच्चारता येईना, म्हणून त्याने आपल्या मेलेल्या घोड्याचं नाव त्यांना देऊन टाकलं. लिओटाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. बसमध्ये कोणी पोर उभं राहिलं तर ती बस कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि पोर खाली बसेपर्यंत विणत बसायची. त्यामुळे गावातली तिशी-चाळिशीची माणसं अजूनही ती खोलीत आली की आधी खुर्ची शोधतात.

"मावशी, यंदा चिलगोजे कुठले?" असं कोणी विचारलं की ती गुडघ्यावर हात ठेवून एक लांब उसासा सोडायची. "अरे बाबा, पार उत्तरेला जावं लागलं. तीन तास. पाठीचं खोबरं झालं."

"सशाच्या पठारावर नाहीत?"

"तिथे काय आहे? दगड आणि साप. काहीच नाही."

सशाचं पठार गावापासून चाळीस मिनिटांवर आहे. पठाराच्या पश्चिम अंगाला घळी आहेत, आणि तिसऱ्या घळीत, लाल खडकाच्या मागे, लिओटाची राई आहे. झाडं किती ते तिने कधी मोजलं नव्हतं. ती तिला पाठ होती.

हे खोटं तिला आईकडून मिळालं होतं, आणि आईला ते सरकारने शिकवलं. लिओटाच्या पणजीच्या वेळी चांदीच्या भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून चिलगोज्याचे डोंगरच्या डोंगर तोडले. उरलेल्या राया लोकांनी जपल्या. मग लिओटा सोळा वर्षांची असताना एक गोड बोलणारा साहेब आला. त्याने आईला विचारलं, "बाई, तुम्ही बिया कुठे गोळा करता? म्हणजे आम्हाला त्या जागेची काळजी घेता येईल." आईने उत्तरेची राई दाखवली, वर त्याला चिलगोज्यांची पेजही वाढली. पुढच्या वसंतात दोन ट्रॅक्टर आले. दोघांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी. ती ओढत ते राईतून गेले आणि तीनशे-चारशे वर्षांची झाडं मुळासकट आडवी झाली. गुरांना गवत हवं होतं. तिथे पाटी लावली: 'सुधारित कुरण'. गवत काही आलं नाही, पाटी मात्र बरीच वर्षं टिकली.

त्या शरदात आईने लिओटाला तिसऱ्या घळीत नेलं आणि नियम सांगितले. आधी दक्षिणेच्या रस्त्याने निघायचं, गाव दिसेनासं झालं की वळायचं. बोंडं भाजून बिया काढायची भट्टी कोरड्या काटक्यांची लावायची, म्हणजे धूर नाही. काम झालं की खड्डा बुजवायचा, राख उधळायची, ज्युनिपरच्या झुडपाच्या फांदीने टायरच्या खुणा पुसायच्या. शेंड्याची बोंडं निळ्या पाखरांना सोडायची. "आणि काठी लावायच्या आधी झाडाला सांगायचं, आपण कशाला आलो ते," आई म्हणाली. "फक्त झाडाला. ते कचेरीत जाऊन बोलत नाही."

लिओटाने नवऱ्यालाही सांगितलं नाही. इर्विन बिचारा भला माणूस. दर सप्टेंबरला तिने पोती उतरवली की विचारायचा, "उत्तरेचे का?" ती म्हणायची, "उत्तरेचे." तो मान डोलवायचा आणि पोती उचलून आत न्यायचा. अकरा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा लिओटाच्या मनात जे काय काय दाटून आलं त्यात हेही होतं, की एकदा तरी त्याला राई दाखवायला हवी होती.

राहता राहिली नणंद. बर्निस, इर्विनची धाकटी बहीण, रस्त्यापलीकडेच राहायची. पहिला बर्फ पडला की दोघी एकमेकींना चिलगोज्यांची बरणी द्यायच्या, आणि दोघी बरणी नाकाशी धरून वास घ्यायच्या.

"हे उत्तरेचे वाटत नाहीत गं वहिनी."

"आणि तुझे पूर्वेचे? पूर्वेला तर यंदा कीड होती म्हणे."

"होती. पण माझ्या झाडांना नव्हती."

इतकं झालं की दोघी कॉफी प्यायच्या.

अशा रीतीने सगळं गाव एकमेकांना फसवत सुखाने नांदत असताना कॅनडातल्या एका कंपनीला सशाच्या पठारात सोनं सापडलं. सोनं म्हणजे डोळ्याला दिसणारं नव्हे, धुळीहून बारीक. एका अंगठीपुरतं मिळवायला ट्रकच्या ट्रक डोंगर दळायचा, त्यावर विषाचं पाणी सोडायचं, आणि उरलेल्या भुग्याचं काय करायचं हे ठरवायला एक समिती नेमायची.

कंपनीने जनसंपर्कासाठी गावातलाच मुलगा धरला. ट्रॅव्हिस त्याचं नाव. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बसमध्ये थुंकतो म्हणून लिओटाने त्याला एकदा दोन मैल चालत घरी पाठवलं होतं. आता तो इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाच्या दारात टोप्या वाटत होता.

"घ्या ना मावशी, फुकट आहे."

"डोकं माझं आहे. त्यावर काय लिहायचं ते मी बघीन," लिओटा म्हणाली. "किती खणणार आहात?"

"खणायचं कुठे? आत्ता फक्त तीस भोकं. एवढी एवढी."

"भोकं पाडायचं यंत्र उडत येणार आहे का?"

"नाही, थोडासा रस्ता लागेल."

"थोडासा म्हणजे किती?"

ट्रॅव्हिसने टोपी दोन्ही हातांत फिरवली. "अकरा मैल," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा झाली. कंपनीकडून डोनट होते. सरकारी जमीन कचेरीचे साहेब प्रेंटिस, आठ महिन्यांपूर्वी पूर्वेकडून बदलून आलेले, टेबलामागे बसले होते. माणूस वाईट नव्हता. वाळवंटात टाय लावून हिंडणारा माणूस वाईट असायला जितकी अक्कल लागते तितकीही त्याला अजून मिळाली नव्हती. त्याच्यापुढे एक दिवा होता. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, मग दिवा लाल. गाव तिथे दहा हजार वर्षं राहतंय, त्या मानाने ही सोय बरी होती.

साहेबांनी अहवाल वाचला. दोन तज्ज्ञ मार्चमध्ये दोन दिवस पठारावर फिरले होते. निष्कर्ष: पठारावर मानवी वापराच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत.

हे ऐकून लिओटाला आधी अभिमानच वाटला. साठ वर्षांत तज्ज्ञांनाही सापडेल अशी एक काडी तिने मागे ठेवली नव्हती. आईला सांगायला हवं होतं. मग साहेब पुढचं वाक्य वाचू लागले, की ज्या अर्थी पठाराचा कोणी वापर करत नाही त्या अर्थी रस्ता आणि भोकं यांनी कोणाचंही नुकसान होत नाही. ती उठली.

"मी लिओटा चार्ली. तुमच्यातल्या निम्म्यांना मी शाळेत पोचवलंय. सशाच्या पठारावरून मी साठ वर्षं चिलगोजे आणते."

कोणीतरी डोनटचा खोका बंद केला. मग गॅरेजवाला हार्लन उठला. सत्तरीचा गडी, संतापाने लालबुंद.

"पठारावरून? मला तू साप सांगितलेस! वीस वर्षं मी तुझ्या त्या सापांना भिऊन पश्चिमेच्या अंगाला पाय ठेवला नाही, मी आपला पूर्वेच्या उतारावरनंच..."

आणि तो थांबला. पण बोलून गेला होता. हशा पिकला.

"हसताय काय?" बर्निस उठून म्हणाली. "दक्षिणेच्या टोकाला मी जाते. चाळीस वर्षं. लिहा."

"तू तर पूर्वेचे म्हणायचीस!" लिओटा ओरडली.

"आणि तू उत्तरेचे!"

आणखी एका घराने हात वर केला. दिवा केव्हाचा लाल होऊन बसला होता, त्याच्याकडे कोणी बघेना. प्रेंटिससाहेब मात्र खूश झाले. त्यांनी टेबलावर भलामोठा नकाशा पसरला. "वा! ही फार मोलाची माहिती आहे. प्रत्येकाने आपापली जागा पेन्सिलीने दाखवा, आणि सही करा."

लिओटा नकाशावर वाकली. तिच्या डाव्या खांद्यावर बर्निसचा श्वास, उजवीकडे हार्लनची मान, मागे गावातली पंधरा-वीस डोकी. आणि साहेबांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठे?"

तिच्या हाताला या प्रश्नाचं एकच उत्तर माहीत होतं. तिसऱ्या घळीवरून पेन्सिल पुढे सरकली आणि पार सातव्या घळीत जाऊन थांबली, जिथे दगड होते आणि कोणीतरी फेकलेली एक गादी होती. तिने तिथे छान गोल काढला आणि सही ठोकली. घरी जाताना अर्ध्या वाटेत तिला आपण काय केलं ते कळलं. पण तिने मनाची समजूत घातली, की पठार वाचलं तर सगळंच वाचेल, मग गोल कुठे का असेना.

जुलैत कचेरीचं पत्र आलं, नकाशासकट. गावकऱ्यांच्या भावनांचा आदर राखून कंपनीने मोठ्या मनाने योजना बदलली होती. चारही गोलांना कुंपणासारखी हिरवी रेघ होती, आत कोणी शिरायचं नाही. गादीलाही आता सरकारी संरक्षण होतं. रस्ता आणि भोकं उरलेल्या 'रिकाम्या' भागात हलवली होती, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीची ठरली होती तिसरी घळ. काम एक ऑक्टोबरपासून.

लिओटाने पत्र दोनदा वाचलं. मग ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. आईची एक राई साहेबाला खरं सांगितल्याने गेली होती. दुसरी खोटं सांगितल्याने चालली होती. आणि या वेळी ट्रॅक्टरला वाट दाखवणारा हात तिचा स्वतःचा होता.

दार न वाजवताच बर्निस आत आली. तिच्या हातात तेच पत्र.

"तुझी जागा हिरव्या रेघेत आली का गं?" लिओटाने विचारलं.

"तुझी आली का?"

"मी आधी विचारलं."

बर्निस समोर बसली. "माझ्या रेघेत एक वाळलेलं डबकं आहे," ती शेवटी म्हणाली. "हार्लनच्या रेघेत गुरांचा हौद. मी आत्ता त्याच्याकडूनच येते. डोकं धरून बसलाय."

"चौघांनीही?"

"चौघांनीही," बर्निस म्हणाली. "आता हसायचं की रडायचं ते सांग, म्हणजे मी तसं करते."

दोघी साहेबांकडे गेल्या. प्रेंटिससाहेबांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फाइल उघडली, मिटली.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात?"

"हो," लिओटा म्हणाली.

"आणि आत्ता खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

साहेबांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, हरकती घ्यायची मुदत जूनमध्ये संपली, सांगोवांगीचं आता लिहिता येत नाही. मी स्वतः पाहिलेलं मात्र लिहिता येतं.

"मग चला, आत्ता."

"आत्ता तिथे कोणी बिया गोळा करतंय का?"

"बोंडं पिकायला अजून दीड-दोन महिने आहेत."

"मग मी काय पाहणार, बाई? झाडं? झाडं अहवालात आहेतच. वापर दिसला पाहिजे. आणि एकट्या तुमचा नाही. एका घराची हौस वेगळी आणि समाजाचा वापर वेगळा. लोक दिसले पाहिजेत."

"किती लोक म्हणजे समाज?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. आकडा दिलेला नव्हता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लिओटा एकटी घळीत जाऊन आली. बोंडं भरली होती, असा बहर पाच-सहा वर्षांत नव्हता. आणि निम्म्या झाडांना गुलाबी फिती बांधल्या होत्या. फिती म्हणजे तोडायची झाडं. एक फीत अगदी त्या झाडाला होती ज्याच्याखाली बसून तिने आईबरोबर पहिल्यांदा भाजलेले चिलगोजे खाल्ले होते. ती तिथे उभी राहून मोठ्याने रडली, आणि रडून झाल्यावर सवयीने आपल्या पावलांच्या खुणा पुसून आली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकानात अर्धं गाव होतं. लिओटा काउंटरपाशी उभी राहिली आणि बसमध्ये पोरांना हाक द्यायची त्या आवाजात म्हणाली, "ऐका रे. उद्या मी चिलगोजे काढायला चाललेय. सशाचं पठार, पश्चिमेकडून तिसरी घळ, लाल खडकाच्या मागे. वळणावर दोन फुटके दगड आहेत. बोंडं भरपूर आहेत. सगळ्यांनी या."

साठ वर्षांत तिच्या तोंडून इतकं खरं एका दमात कधी निघालं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हार्लन तेलाचा डबा हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला आणि मग गालातल्या गालात हसला.

"तिसरी घळ काय?" तो म्हणाला. "बरं, बरं."

रविवारी सकाळी अल्कली वेल्सच्या झाडून सगळ्या गाड्या काठ्या लादून बाहेर पडल्या आणि तिसरी घळ सोडून जिकडे वाट मिळेल तिकडे गेल्या. लिओटा म्हणते पश्चिम, तेव्हा माल नक्की उत्तरेला असणार. काही जण तर तीन तासांवरच्या त्या 'सुधारित कुरणा'पर्यंत जाऊन आले.

लिओटाच्या गाडीत एकटी बर्निस होती. या वेळी त्या सरळ रस्त्याने निघाल्या, काठ्या टपावर बांधून. फुटक्या दगडांपाशी वळल्यावर लिओटाने गाडी थांबवली, मागून ज्युनिपरची फांदी काढली आणि खुणा पुसायला खाली उतरली.

"आज पुसू नकोस," बर्निस काचेतून म्हणाली.

"अगं हो, सवय."

"आणि तसंही तू हे वळण नेहमी विसरतेस. आत पुसतेस, वळणावरचं तसंच सोडून जातेस. इर्विन म्हणायचा."

लिओटा फांदी धरून उभी राहिली. "इर्विन काय म्हणायचा?"

बर्निसने समोरच्या खडकाकडे पाहिलं. "तू पोती घेऊन घरी आलीस ना, की तो पेट्रोल भरून येतो म्हणून बाहेर पडायचा. इथपर्यंत यायचा आणि वळण पुसायचा. दर वर्षी. मी किती विचारलं, वहिनी जाते तरी कुठे? मेल्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजारी पडला तेव्हा फक्त हे वळण सांगितलं. म्हणाला, तेवढं पुसत जा."

"आणि तू?"

"अकरा वर्षं पुसते. यापुढे कधी गेले नाही. शप्पथ."

'उत्तरेचे' म्हटलं की मान डोलवणारा तो माणूस लिओटाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सरकारच्या दोन तज्ज्ञांना पठारावर एकही खूण सापडली नव्हती, त्यात ज्यांचं श्रेय होतं त्यातली एक व्यक्ती कबरीत होती आणि एक गाडीत बसून नाक पुसत होती.

"तू सभेत पाहिलंस, मी सातव्या घळीत गोल काढला," ती म्हणाली. "तुला माहीत होतं तो खोटा आहे. बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू मुद्दाम काढलास. म्हणून मीही मुद्दाम काढला."

त्या घळीत पोचल्या. लिओटाने झाडांना सांगितलं, आज आपण फक्त खायला आलो नाही. मग दोघी काठ्यांनी बोंडं पाडू लागल्या. दहा वाजले, अकरा वाजले. कोणी फिरकलं नाही. साहेबांच्या फोनवर शुक्रवारीच निरोप ठेवला होता, पण तो फोन सोमवारशिवाय कोणी ऐकत नसावं. बाराला लिओटाने काठी टाकली.

"मी खरं सांगितलं आणि एक कुत्रं आलं नाही," ती म्हणाली.

"तू खरं सांगतेस हे त्यांना कसं कळावं? तू त्यांच्याशी असं कधी वागली नाहीस."

खड्ड्यात बोंडांची भट्टी पेटली होती, कोरड्या काटक्यांची, नियमाप्रमाणे बिनधुराची. भोवतीची जमीन त्यांनी खरवडून मोकळी केली होती. लिओटाने भट्टीकडे पाहिलं. मग ती ज्युनिपरपाशी गेली, ओल्या हिरव्या फांद्या मोडल्या आणि आईचं नाव घेऊन त्या आगीवर टाकल्या. पांढरा दाट धूर खडकाच्या वर चढला, घळीच्या वर चढला, आणि वारा नव्हता म्हणून सरळ वर चढत राहिला. तो गावातून दिसला, पूर्वेच्या उतारावरून दिसला, सुधारित कुरणावरून परतणाऱ्यांनाही दिसला.

पहिली आली ती गावची आगीची गाडी. चालवत होता हार्लन. पाठोपाठ एकेक करत सगळ्या गाड्या, आणि सर्वांत शेवटी वणव्याच्या सूचनेमुळे रविवारची झोप मोडलेले प्रेंटिससाहेब, पहिल्यांदाच बिनटायचे. हार्लन खाली उतरला, पाण्याचा पाइप ओढायच्या आधी त्याने मान वर करून झाडं पाहिली, बोंडं पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला.

"तू दुकानात खरं बोललीस?"

"हो."

"हा निव्वळ विश्वासघात आहे, लिओटा," तो म्हणाला आणि काठी आणायला गाडीकडे गेला.

साहेब धापा टाकत आले. "आग कुठे आहे?"

"भट्टी आहे," लिओटा म्हणाली. "वापर. तुम्हाला बघायचा होता ना? ही घ्या काठी. अहो, फांदी मोडायची नाही, बोंडाला आकडा लावून ओढायचं. आणि शेंड्याची सोडा, ती पाखरांची आहेत. उभे काय राहिलात?"

ती बसमधल्या आवाजात बोलत होती. साहेब तिच्या बसमध्ये कधी बसले नव्हते, पण त्यांनी ऐकलं. तासाभराने त्यांच्या दोन्ही हातांना चीक होता. त्यांनी खिशातून कागद काढला तो हाताला चिकटला, पेन चिकटलं, आणि उपस्थित लोक मोजताना चष्मा सावरायला गेले तर तोही चिकटला. एक्केचाळीस माणसं भरली. ट्रॅव्हिससुद्धा त्यात होता. आईसाठी थोडे नेतो म्हणत त्याने कंपनीच्या टोपीत चिलगोजे भरले. गुलाबी फिती लहान मुलींनी सोडून वेण्यांना बांधल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधीच थांबलं. आता पठाराचा पुरा अभ्यास व्हायचा आहे. दोन वर्षं लागतील म्हणतात. कंपनी गेलेली नाही. सोनं तिथेच आहे आणि ट्रॅव्हिसच्या टोप्याही उरल्या आहेत. साहेबांनी लिहिलेला कागद फाइलमध्ये मागच्या-पुढच्या पानांना असा चिकटून बसलाय की कंपनीच्या वकिलांना तो काही केल्या काढता येत नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, दोघी परत निघाल्या. वळणावर लिओटाने गाडी थांबवली. पंधरा-सोळा गाड्यांच्या टायरांनी ते वळण हमरस्त्यासारखं रुंद करून टाकलं होतं. साठ वर्षं तिने जे लपवलं ते आता कोणीही झोपेत शोधू शकला असता. तिला भरून आलं, आणि ते केवळ आनंदाने होतं असं म्हणवत नाही.

"इर्विनने हे पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता," ती म्हणाली.

"आणि मग पहाटेपर्यंत पुसत बसला असता," बर्निस म्हणाली.

लिओटा उतरली. मागची ज्युनिपरची फांदी तिने काढली, फुटक्या दोन दगडांच्या मध्ये घट्ट उभी खोचली, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांना लांबून दिसेल इतकी वर आहे ना, ते चार पावलं मागे जाऊन पाहून घेतलं.